संदिग्धतेचे सगेसोयरे

जालना जिल्ह्याच्या अंबड तालुक्यात, धुळे-सोलापूर महामार्गावर वडीगोद्री हे गाव आहे. २०२४ च्या जून महिन्यात तेथे दहा दिवस उपोषण चालले. लक्ष्मण हाके आणि नवनाथ वाघमारे यांनी ते १३ जूनला आरंभले व २२ जूनला सोडले. इतर मागासवर्गीयांच्या आरक्षणाला धक्का लागू नये, ही त्यांची मागणी होती. तेथून जवळच असलेल्या अंतरवाली सराटीत २०२३ च्या ऑगस्टमध्ये मनोज जरांगे उपोषणास बसले होते. मराठा समाजाला कुणबी म्हणून प्रमाणपत्रे मिळावीत, ही तेथील मागणी. या दोन शेजारी गावांच्या मध्ये जो शब्द उभा राहिला तो 'सगेसोयरे'. २६ जानेवारी २०२४ रोजी राज्य शासनाने जात प्रमाणपत्रासंबंधीच्या २०१२ च्या नियमांत दुरुस्ती सुचवणारा मसुदा प्रसिद्ध केला आणि लग्नपत्रिकेतल्या या घरगुती शब्दाला कायद्याच्या चौकटीत बसवू पाहिले. वडीगोद्रीच्या मंडपातून त्या मसुद्याला विरोध झाला.

त्या दिवसांत एक वाक्य पुष्कळ ठिकाणी कानी पडे : 'हा शब्दच संदिग्ध आहे.' आरक्षणाच्या प्रश्नाचा निवाडा करणे हे या लेखाचे काम नाही. तो अधिकार लेखकाला नाही. परंतु एखादा शब्द संदिग्ध आहे, असे म्हणताना आपण नेमके काय म्हणतो, हा भाषेच्या आणि साहित्याच्या अभ्यासाचा प्रश्न आहे. पवित्र शास्त्र वाचणाऱ्या, प्रवचन ऐकणाऱ्या आणि तहसील कचेरीत अर्ज भरणाऱ्या आपल्या कुटुंबांनाही तो प्रश्न परका नाही.

'संदिग्ध' या शब्दाच्या मुळाशी माखण्याचा अर्थ आहे. 'दिग्ध' म्हणजे माखलेले, लिंपलेले. व्यवहारात आपण हा शब्द सढळ हाताने वापरतो. अर्थ कळला नाही, की संदिग्ध. अर्थ पुरता सांगितला नाही, की संदिग्ध. बोलणाऱ्याने टाळाटाळ केली, तरी संदिग्ध. जुन्या साहित्यशास्त्रकारांनी मात्र येथे काळजी घेतली होती. अकराव्या शतकातल्या मम्मटाने 'काव्यप्रकाशा'त पदांचे दोष मोजले, त्यांत 'संदिग्ध' आणि 'क्लिष्ट' हे दोन वेगळे दोष म्हणून दिले. आणि 'श्लेष' तर त्याने दोषांत न घालता अलंकारांत घातला. वरवर सारख्या दिसणाऱ्या तीन गोष्टींना तीन ठिकाणे का दिली, हे समजून घेतले तर पुढची वाट सोपी होते.

प्रथम खरी संदिग्धता पाहू. मराठीत 'परवा' हा शब्द आहे. तो कालच्या आदल्या दिवसालाही लावतात आणि उद्याच्या नंतरच्या दिवसालाही. हे दोन अर्थ एकमेकांपासून सुटे आहेत, ते मोजता येतात, आणि एका वेळी त्यांतला एकच खरा असतो. 'परवाची सभा' एवढेच फळ्यावर लिहिले असेल तर सभा झाली की व्हायची आहे, हे कळणार नाही. 'परवा सभा झाली' म्हटले, की क्रियापदाने निवड केली आणि संदेह संपला. 'आपण' हा शब्दही असाच. 'आपण उद्या येणार का?' या प्रश्नात 'आपण' म्हणजे आदराने संबोधलेले तुम्ही, की तुम्ही-मी मिळून सारे? शब्दाऐवजी वाक्याच्या बांधणीतूनही असा संदेह उपजतो. 'धर्मग्रामातील वृद्ध पुरुष आणि स्त्रिया यांना नेण्यासाठी गाडी येईल' या सूचनेत स्त्रिया वृद्धच हव्यात की सगळ्याच चालतील? अर्थ दोन आहेत, दोन्ही स्पष्ट आहेत. ठरलेली नाही ती निवड. म्हणून संदिग्धतेचा उपायही एकच : निवड करणे आणि ती सांगणे.

येथे एक भेद ध्यानात घ्यावा. कोशात एका शब्दाचे अनेक अर्थ असणे म्हणजे वाक्यात संदिग्धता असणे नव्हे. 'वर' म्हणजे नवरा मुलगा, 'वर' म्हणजे माथ्यावर, 'वर' म्हणजे देवाने दिलेले वरदान. तरी लग्नाच्या मांडवात कोणी गोंधळत नाही. फादर थॉमस स्टीफन्स यांनी १६१६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'क्रिस्तपुराणा'त स्वर्गासाठी 'वैकुंठ' हा शब्द वापरला. तो शब्द आधीपासून वैष्णवांच्या घरचा. तरीही ख्रिस्तपुराण ऐकणाऱ्या भाविकाला तेथे दोन स्वर्ग दिसले असतील, असे मानण्याचे कारण नाही. आजूबाजूच्या कथेनेच अर्थ ठरवून दिला होता. अनेकार्थता शब्दाच्या पोटी असते, संदिग्धता प्रसंगाच्या पोटी जन्मते.

दुसरा नातलग म्हणजे व्यापकता. संत मार्कलिखित शुभवर्तमानाच्या सहाव्या अध्यायात येशूच्या भावांचा उल्लेख येतो. पवित्र मरियेच्या नित्य कौमार्यावर आक्षेप घेणारे शेजारी तो उल्लेख आपल्यापुढे ठेवतात, आणि आपल्यातले काही जण घाईने उत्तर देतात : 'तो शब्द संदिग्ध आहे.' तसे म्हणणे नेमके नाही. मराठीतला 'भाऊ' घ्या. सख्खा, चुलत, मावस, मामे, आते अशा सर्वांना तो लागतो. 'हे दोघे माझे भाऊ' असे म्हणून एका सख्ख्या आणि एका मावस भावाची ओळख एकाच दमात करून देता येते. ऐकणाऱ्याला काही खटकत नाही. म्हणजे येथे दोन सुटे अर्थ नाहीत, एकच रुंद अर्थ आहे. 'परवा'चे तसे होत नाही. एक सभा झालेली आणि एक व्हायची असेल, तर 'दोन्ही सभा परवा' असे कोणी म्हणत नाही. म्हटलेच तर हसू येते. संदिग्ध आणि व्यापक ओळखण्याची ही साधी कसोटी आहे.

संत जेरोम यांनी इ. स. ३८३ च्या सुमारास हेल्विडियसला उत्तर देताना याच व्यापकतेचा आधार घेतला. लोट हा अब्राहामाचा पुतण्या. तरी उत्पत्तीच्या पुस्तकात त्याला भाऊ म्हटले आहे, हे त्यांनी दाखवले. प्रामाणिक वाचकाने येथे आणखी एक गोष्ट मान्य करावी. ग्रीक भाषेत चुलत-मावस भावासाठी निराळा शब्द होता आणि कलस्सैकरांस लिहिलेल्या पत्रात तो आलाही आहे. म्हणजे 'भाऊ' हा व्यापक शब्द दोन्ही शक्यतांना जागा देतो; एकट्या त्या शब्दाच्या बळावर आक्षेप घेणाऱ्याला जिंकता येत नाही आणि आपल्यालाही येत नाही. मरियेविषयीची आपली श्रद्धा ख्रिस्तसभेच्या परंपरेवर उभी आहे, शब्दकोशावर नाही. व्यापक शब्दात दोष नसतो. फार तर त्याच्या पुढे 'सख्खा' किंवा 'चुलत' असे आणखी एक पद जोडावे लागते.

तिसरा नातलग आपल्या रोजच्या बोलण्यातला : मोघमपणा. खळ्यावर ज्वारीची रास पडली आहे. एक दाणा उचलला तर रास उरते. आणखी एक उचलला तरी उरते. मग कोणत्या दाण्याला रास संपते? प्राचीन ग्रीक विचारवंतांनी हे कोडे घातले होते आणि ते आजही सुटलेले नाही. 'रास' या शब्दाला दोन अर्थ नाहीत, अर्थ एकच आहे. पण त्या अर्थाला बांध नाही. 'लवकर', 'जवळचा', 'गरजू', 'ज्येष्ठ' हे सगळे शब्द असेच. मधोमध ते स्वच्छ असतात, कडेला विरत जातात. यावर कोशात पाहून निवड करण्याचा उपाय चालत नाही. बांध घालावा लागतो. साठ वर्षे पुरी झालेला तो ज्येष्ठ, असे कोणीतरी ठरवावे लागते. बांध कोठे घालायचा हे भाषा सांगत नाही. तो माणसांचा निर्णय असतो आणि त्याची जबाबदारीही माणसांचीच असते.

आता साहित्यातली नाती पाहू. संत योहानलिखित शुभवर्तमानाच्या तिसऱ्या अध्यायात निकोदेम रात्री प्रभूकडे येतो. प्रभूच्या तोंडी जो ग्रीक शब्द आहे त्याचा अर्थ 'नव्याने' असाही होतो आणि 'वरून' असाही. निकोदेम पहिला अर्थ धरतो आणि म्हातारा माणूस आईच्या उदरात पुन्हा कसा शिरणार, असे विचारतो. शब्द तोच, पण निकोदेमाला तो एका अर्थाचा वाटला आणि शुभवर्तमानकाराने तो दोन्ही अर्थांनी वापरला. लेखकाला जेव्हा दोन्ही अर्थ एकाच वेळी हवे असतात, तेव्हा संदिग्धतेचा श्लेष होतो. 'श्लेष' म्हणजे आलिंगन. संदिग्धतेत दोन अर्थ एकमेकांना हटवू पाहतात, श्लेषात ते एकमेकांना धरून राहतात. म्हणून मम्मटाने एकाला दोष म्हटले आणि दुसऱ्याला अलंकार. मराठी अनुवादकाची अडचणही येथे कळते. 'नव्याने' आणि 'वरून' हे दोन्ही अर्थ पोटात घेणारा एक सहज शब्द मराठीत नाही. त्याला एक निवडून दुसरा तळटीपेत ठेवावा लागतो. अनुवाद सुबोध होतो, पण एक आलिंगन सुटते.

रूपक याहून वेगळे. वडीगोद्रीच्या परिसरातून गोदावरीच्या वरच्या अंगाला गेले, की पैठण लागते. तेथल्या एकनाथ महाराजांचे विंचवाचे भारूड मराठवाड्याच्या गावोगाव रंगते. विंचू हा विंचूच आहे आणि तो माणसातला विकारही आहे. पण ऐकणारा 'यातला कोणता?' असे विचारत नाही. पहिल्या अर्थावरून तो दुसऱ्यापर्यंत पोहोचतो, जिन्याच्या खालच्या पायरीवरून वरच्या पायरीवर जावे तसा. नवव्या शतकात आनंदवर्धनाने ज्याला 'ध्वनी' म्हटले, तेथेही असेच घडते : बोललेला अर्थ जागेवर राहतो आणि न बोललेला त्यातून उमटतो. येथे निवडीचा प्रश्नच नसतो.

दुर्बोधता तर अगदी दुसऱ्या टोकाची. ग्रेस यांच्या 'संध्याकाळच्या कविता' १९६७ मध्ये प्रसिद्ध झाल्या. त्यांच्या कवितेभोवती दुर्बोधतेचा वाद पुढे दीर्घकाळ राहिला. दुर्बोध ओळीपुढे वाचक थांबतो, कारण त्याच्या हाती एकही अर्थ नीट लागत नाही. संदिग्ध ओळीपुढे थांबतो, कारण दोन लागतात. मम्मटाचा 'क्लिष्ट' हा निराळा दोष तो हाच. इंग्रज समीक्षक विल्यम एम्पसन यांनी १९३० साली संदिग्धतेच्या सात प्रकारांवर प्रसिद्ध ग्रंथ लिहिला आणि काव्यवाचनाला नवी दृष्टी दिली. पण त्यांनी श्लेष, रूपक, ध्वनी, कवीच्या मनातला अंतर्विरोध हे सारे एकाच छपराखाली आणले. कविता वाचताना ते छप्पर उपयोगी पडते. तेच कायद्याचा मसुदा वाचताना डोक्यावर घेतले तर फसगत होते.

कारण संदिग्धतेला आणखी एक नातलग आहे, आणि तो घरात घेण्यासारखा नाही. न्यायसूत्रांत 'छल' नावाचा वादातला दोष सांगितला आहे आणि त्याचे तीन प्रकार केले आहेत. 'नव' म्हणजे नवीन आणि 'नव' म्हणजे नऊ. एखाद्याने 'हा मुलगा नवकंबल आहे' असे नव्या कांबळ्याविषयी म्हटले आणि दुसऱ्याने 'याच्याजवळ नऊ कोठे आहेत?' असे खोडून काढले, तर तो वाक्छल. व्यापक विधान वाटेल तितके ताणून मोडले, तर सामान्यछल. लाक्षणिक बोलणे अक्षरशः घेऊन हसे केले, तर उपचारछल. अनेकार्थ, व्यापक आणि रूपकात्मक या तिन्ही बोलण्यांचा दुरुपयोग कसकसा होतो, हे त्या शास्त्रकारांनी वेगवेगळे ओळखले होते.

ख्रिस्तसभेलाही हा प्रश्न टाळता आला नाही. इंग्लंडमध्ये कॅथलिक धर्मगुरूंचा छळ चालू असता, पकडल्यावर द्व्यर्थी उत्तर देणे हे पाप होय की नव्हे, यावर मोठा वाद झाला. १६०६ मध्ये फाशी गेलेले येशूसंघीय फादर हेन्री गार्नेट यांच्या खटल्यात तो गाजला. १५७९ मध्ये गोव्यात आलेले फादर स्टीफन्स हे त्याच देशाचे, त्याच पिढीचे आणि त्याच संघाचे. पुढे १६७९ मध्ये पोप अकरावे इनोसंट यांनी मनात एक अर्थ झाकून ओठांवर दुसरा आणण्याची मोकळीक देणारी मते निषिद्ध ठरवली. होकार हा होकारच असावा आणि नकार हा नकारच, या प्रभूच्या शिकवणीकडे ख्रिस्तसभा अशी परत आली. संदिग्धता हा भाषेचा गुणधर्म आहे. छल ही माणसाची कृती आहे. शब्द सापडला म्हणून माणूस निर्दोष ठरत नाही.

एवढी शिदोरी घेऊन 'सगेसोयरे' या शब्दाकडे वळू. 'सगे' म्हणजे रक्ताचे, 'सोयरे' म्हणजे लग्नसंबंधाने जोडलेले. मामा, सासरा, मेहुणा, व्याही, साडू हे सगळे त्यात सुखाने नांदतात. 'आमचे सगेसोयरे जमले' या वाक्यात कोणाला दोन अर्थ दिसत नाहीत. म्हणजे शब्द व्यापक आहे. शिवाय तो मोघम आहे. सोयऱ्याचा सोयरा आपला सोयरा का? त्याचाही पुढचा? तुकोबांनी तर वृक्षवेलींनाही सोयरे मानले. मायेच्या बोलण्यात या नात्याला कड नसते, आणि नसावी हेच बरे. प्रमाणपत्राला मात्र कड लागते. मसुद्यातली व्याख्या तीच घालू पाहत होती : अर्जदाराचे वडील, आजोबा, पणजोबा व त्यांच्या आधीच्या पिढ्यांत एकाच जातीत झालेल्या विवाहांतून जे नातेवाईक झाले, ते सगेसोयरे. हा बांध एका बाजूला फार आत आला असे वाटले आणि दुसऱ्या बाजूला फार बाहेर गेला असे. दोन्हीकडच्या माणसांना 'सोयरा' या शब्दाचा अर्थ पुरता ठाऊक होता. अंबड तालुक्यात तो कोणाला ठाऊक नाही? प्रश्न अर्थाचा नव्हताच. मर्यादित जागांमध्ये कोणाला किती वाटा, हा तो प्रश्न होता. तेव्हा 'शब्द संदिग्ध आहे' असे म्हणणे म्हणजे निर्णयाचे ओझे बिचाऱ्या शब्दाच्या पाठीवर टाकणे होय.

खरा संदिग्ध शब्द त्या वादात होता, पण तो दुसरा : 'कुणबी'. हा शब्द शेती कसणाऱ्याचे नाव म्हणून वापरला गेला आणि एका जातीचे नाव म्हणूनही. जुन्या कागदावर एखाद्या पूर्वजापुढे 'कुणबी' असे लिहिलेले सापडले, तर लिहिणाऱ्याने धंदा नोंदवला की जात? दोन सुटे अर्थ आहेत, आणि त्या नोंदीपुरता निर्णय कागदाच्या संदर्भावरूनच लागू शकतो : रकाना कोणता, नोंदवही कसली, त्याच हाताने शेजारच्या घरापुढे काय लिहिले. निवृत्त न्यायमूर्ती संदीप शिंदे यांची समिती ७ सप्टेंबर २०२३ रोजी नेमली गेली ती निजामकालीन नोंदींच्या शोधासाठी. तेथे भाषेच्या अभ्यासकाला काम आहे. 'सगेसोयरे'च्या बाबतीत त्याच्याजवळ निर्णय मागू नये.

२ सप्टेंबर २०२५ रोजी हैदराबाद गॅझेटियरच्या आधारे निघालेल्या शासन निर्णयात नातेवाइकांबरोबर 'कूळ' हा शब्दही आला. तो तर नमुनेदार अनेकार्थी. कूळ म्हणजे वंश, आणि कूळ म्हणजे दुसऱ्याची जमीन कसणारा. १९५० च्या हैदराबाद कुळवहिवाट कायद्याने मराठवाड्यात दुसरा अर्थ घरोघर पोहोचवला. तरी त्या शासन निर्णयात नात्याच्या संदर्भामुळे पहिलाच अर्थ ठरतो. अर्थ दोन असूनही संदिग्धता नाही. पण हे कूळ किती पिढ्यांपर्यंत मोजायचे, हा मोघमपणा उरतोच.

येथे कोणी म्हणेल, की सगळे शब्द निःसंदिग्ध केले तर न्याय आपोआप होईल. आपल्या धर्मग्रामांतील अनेक कुटुंबांना तसे नसल्याचा अनुभव आहे. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील तिसरा परिच्छेद हिंदू धर्माव्यतिरिक्त अन्य धर्म मानणाऱ्याला अनुसूचित जातीचा गणत नाही. १९५६ मध्ये शिखांचा आणि १९९० मध्ये बौद्धांचा त्यात समावेश झाला, ख्रिस्ती बाहेर राहिले. या परिच्छेदात द्व्यर्थ नाही, मोघमपणा नाही, दुर्बोधता नाही. बांध अगदी स्वच्छ घातलेला आहे. त्याविषयीची तक्रार म्हणूनच व्याकरणाकडे नेता येत नाही; ती न्यायाकडेच न्यावी लागते. शब्द स्पष्ट असला, की निर्णय कोणी घेतला हे निदान उघड दिसते, आणि ज्याने घेतला त्याला त्याचा जाब विचारता येतो.

समीक्षकाचे काम येथे लहान पण गरजेचे आहे. अर्थ दोन असतील तर निवड मागावी. एकच पण रुंद असेल तर जोडपद मागावे. कड विरलेली असेल तर बांध कोण, कोठे व का घालतो ते विचारावे. श्लेष आणि रूपक असेल तर दोन्ही अर्थांना राहू द्यावे. आणि कोणी छल करीत असेल तर त्याला शब्दामागे लपू देऊ नये. वडीगोद्री आणि अंतरवाली या गावांतली माणसे एकाच बाजाराला जातात, एकमेकांच्या मयतीला उभी राहतात. त्यांच्यातला वाद कोणत्या जातीचा आहे हे आधी नीट सांगितले, तर तो मिटेलच असे नाही. पण ज्यावरून तो मिटणार नाही त्या शब्दावरून तरी ती माणसे एकमेकांना खोटे ठरवणार नाहीत.